वर्गातली खरी बाई कोण?

पुण्यात अकरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेल्या एका बाईंचा प्रश्न आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या ॲडलेडला आल्या, शिक्षक म्हणून नोंदणी झाली आणि आता ऑस्ट्रेलियाच्याच नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतातून, वाळ्पिरी या अॅबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी) लोकांच्या एका वस्तीच्या शाळेतून बोलावणं आलंय. तिथे धाकटे वर्ग मुलांच्या भाषेत चालतात. त्या विचारतात: अशाने मुलं इंग्रजीत कच्ची राहत नाहीत का? शाळेच्या प्रत्येक कागदावर ‘लँग्वेज, कल्चर, कंट्री’ असं लिहिलंय, पण सोमवारी सकाळी वर्गात त्याचं काय होतं? आणि त्या भाषेतला एक शब्द येत नसताना मी तिथे जाऊन करायचं काय?

मध्य ऑस्ट्रेलियातल्या अशा शाळांत मी चौदा वर्षं काढली, त्यातली नऊ वाळ्पिरी मुलांबरोबर. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला की पहिले दोन निम्मे सुटतात.

तुमच्या वर्गात दोन शिक्षिका असतील. एक तुम्ही: पदवी, नोंदणी, पूर्ण पगार, राहायला एसीचं सरकारी घर. दुसरी तिथलीच, पदाचं नाव ‘असिस्टंट टीचर’. कागदावर ती तुमची मदतनीस. प्रत्यक्षात मुलांची भाषा तिला येते, कोण कोणाचं कोण लागतं ते तिला माहीत, कुठली गोष्ट कोणी सांगायची आणि कोणी सांगायची नाही तेही तिलाच माहीत. शिवाय तुम्ही दोन-तीन वर्षांत निघून जाल. राग मानू नका, बहुतेक जण जातात. तिने तुमच्याआधी असे पंधरा-वीस जण येताना-जाताना पाहिलेले असतात. तेव्हा वर्गातली खरी बाई ती. तुम्ही इंग्रजीची बाजू सांभाळायची आणि बाकी वेळ तिचं काम सोपं होईल असं बघायचं.

हे मलाही पहिल्या वर्षी कळलेलं नव्हतं. वाळ्पिरी शाळांत तीन वर्षांचं विषयचक्र असतं, दर सत्राला एक विषय: कुटुंब, झाडं, ‘मियी’ म्हणजे जमिनीतून-झाडावरून मिळणारं खाणं, ‘कुयु’ म्हणजे शिकारीचं मांस, असं. त्या सत्रात ‘ङापा’ होतं, म्हणजे पाणी. मी रविवारभर बसून झकास आराखडा केला. जलचक्राचं चित्र, बाष्पीभवनाचा प्रयोग, आणि शेवटी पाण्याच्या ‘जुकुर्पा’ची, म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या सृष्टिकथेची, गोष्ट एका आजींकडून. आराखडा सहशिक्षिकेला दाखवला. ती म्हणाली, “युवायी.” युवायी म्हणजे हो. मी खूश. आजी आल्या, जमिनीवर बसल्या, वाळूत बोटांनी रेघा काढत गोष्ट सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या. पुढे काय, म्हणून मी विचारत राहिले. त्यांनी हात झटकले, वाळू सारखी केली आणि उठून गेल्या.

तीन आठवड्यांनी सहशिक्षिकेने सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. प्रत्येक जुकुर्पाचे दोन प्रकारचे वारस असतात. बापाकडून हक्क आलेले ते ‘किडा’ (उच्चार खरंच आपल्या किड्याच्या जवळ जातो, पण तिथे हसू नका) आणि आईकडून आलेले ते ‘कुडुङुळु’. किडा मालक, कुडुङुळु राखणदार. गोष्ट नीट चालली आहे की नाही हे राखणदार बघतो. तो हजर नसेल तर मालकानेही पुढे जायचं नसतं. मी एकट्या मालकाला बोलावलं होतं. मग तू मला ‘हो’ का म्हणालीस? ती म्हणाली, तू मला विचारलंच नव्हतंस, तू मला सांगत होतीस.

हे तिला आधीपासून माहीत होतं, आणि आराखडा माझ्याऐवजी तिने केला असता तर दोन्ही आज्या पहिल्याच दिवशी आल्या असत्या. ‘भाषा आणि संस्कृतीवर उभी शाळा’ म्हणजे भिंतीवर ठिपक्यांची चित्रं आणि शुक्रवारी एक तास नाच नव्हे. ठरवतं कोण, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आता भाषा. इथे तुमच्या हातात एक हुकमी पत्ता आहे, तो बहुतेक गोऱ्या शिक्षकांकडे नसतो. वाळ्पिरीत ट, ण आणि ळ आहेत, अस्सल, जीभ मागे वळवून. भाषेच्या नावातच ळ आहे. इंग्रजी लिपीत ‘आर-एल’ लिहिलेलं दिसलं की गोरा शिक्षक ‘र्ल’ म्हणतो. तुम्ही सरळ ळ म्हणा. ‘आर-एन’ म्हणजे ण, ‘आर-टी’ म्हणजे ट. बाईला ‘काण्टा’, पश्चिमेला ‘काळारा’, मोठ्या रानकंदाला ‘याळा’. आपल्या बाराखडीत ‘वाङ्मय’ सोडलं तर कधी न भेटणारा ङ तिथे शब्दाच्या सुरुवातीला येतो. स मात्र नाहीच, म्हणून इंग्रजी ‘स्कूल’चा झाला ‘कूळु’. पहिल्या दिवशी मी मुलांची नावं नीट घेतली तेव्हा मागे बसलेल्या आजीबाईंनी मान वर करून पाहिलं होतं. पाणी की पानी यावरून आपण माणसं मोजत आलो, त्या ‘ण’चा इतका प्रेमळ उपयोग मला आधी ठाऊक नव्हता.

याच आवाजांत इंग्रजीच्या अडचणीचं मूळ आहे. वाळ्पिरीत अ, इ, उ एवढे तीनच स्वर, ऱ्हस्व आणि दीर्घ. प आणि ब यांत फरक नाही, त-द, क-ग यांतही नाही. मूल ‘पिग’ आणि ‘बिग’ एकच ऐकतं. त्यात रानवस्त्यांवरच्या मुलांत कान फुटण्याचं प्रमाण फार आहे; पुष्कळ मुलांना वर्षातले काही महिने कमीच ऐकू येतं, म्हणून वर्गात माइक-स्पीकर लावलेले असतात. अशा मुलाला जी भाषा त्याने घरी कधी ऐकली नाही तिच्यातून, आणि तीही इंग्रजी स्पेलिंगच्या जंजाळातून, वाचायला शिकवायचं? वाळ्पिरीचं लेखन मराठीसारखं आहे, जसं बोलतो जवळजवळ तसंच लिहितो. मूल अक्षरं जोडून शब्द म्हणतं आणि तो शब्द त्याच्या ओळखीचा निघतो. तो क्षण तुम्ही पहिलीच्या वर्गात शेकडो वेळा पाहिला असेल, ‘क-म-ळ, कमळ!’ म्हणून चमकणारे डोळे. वाचन एकदाच शिकावं लागतं. ते आपल्या भाषेत शिकलं की इंग्रजीकडे जाताना फक्त इंग्रजी शिकायची उरते.

म्हणून या शाळांत पायऱ्यांची पद्धत आहे. पहिल्या वर्षांत बहुतेक काम वाळ्पिरीत, इंग्रजी तोंडी. दर वर्षी इंग्रजीचा वाटा वाढत जातो आणि चौथी-पाचवीच्या सुमारास इंग्रजी पुढे जाते. तेव्हा मुलं इंग्रजीत कच्ची राहतात का? तिसरीत मोजाल तर राहतातच. आपल्याकडच्या मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलाला इंग्रजी पेपर द्या आणि मग म्हणा, मुलगा मागे आहे.

नेमकं तेच केलं गेलं. द्विभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ मध्ये सुरू झाला, पंतप्रधान व्हिटलम यांचं सरकार आल्या आल्या. १९९८ च्या डिसेंबरात टेरिटरी सरकारने तो बंद करायची घोषणा केली. बोंब झाली, तेव्हा ‘टू-वे लर्निंग’ असं नाव बदलून तो कसाबसा तगला. २००८ मध्ये नॅपलॅन ही देशभरची परीक्षा आली, तिसरी-पाचवी-सातवी-नववीला, इंग्रजीतून. रानातल्या शाळांचे निकाल अर्थातच वाईट लागले आणि त्याच ऑक्टोबरात हुकूम निघाला की प्रत्येक शाळेत रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच. पाच-साडेपाच तासांच्या शाळेत मागे काय उरलं? जेवणानंतरचा तास, बाहेर चाळीस अंश, मुलं पेंगलेली. तेव्हा मी जिथे होते तिथल्या सहशिक्षिका काही बोलल्या नाहीत. फक्त हळूहळू यायच्या कमी झाल्या. ज्या वर्गात आपण बोललेलं चालत नाही तिथे बसून पेन्सिली टोकायच्या, यासाठी कोण येणार? त्यांच्यामागून मुलंही कमी झाली. काही वर्षांत तो हुकूम मागे पडला, पण वीस वर्षं घडवलेली शिक्षिका एकदा घरी बसली की परत येतेच असं नाही. त्या काळाचं मोठं नुकसान मी हेच मानते.

अॅबोरिजिनल लोकांत यावर एकमत आहे असंही समजू नका. ईशान्येकडच्या केप यॉर्कचे अॅबोरिजिनल नेते नोएल पिअरसन, स्वतः तिथल्या होप व्हेल वस्तीतले, इंग्रजी वाचन कडक, ठरावीक पाठांतून शिकवावं या मताचे. भाषा-संस्कृतीला ते वेगळा तास देतात. वाळ्पिरी पालकांनाही मुलांना इंग्रजी यायलाच हवं आहे. दवाखाना, कोर्ट, खाणवाले यांच्याशी त्यांनाच बोलावं लागतं. इंग्रजी नको असं म्हणणारं माणूस मला चौदा वर्षांत भेटलं नाही.

‘कंट्री’ या शब्दापाशी मराठी माणूस अडखळतो, कारण डोक्यात देश येतो. त्यापेक्षा ‘आमचा मुलूख’ जवळचं. वाळ्पिरीत ‘ङुरा’ म्हणजे घर, मुक्कामाची जागा आणि मुलूखही. लाजामानू या वाळ्पिरी वस्तीतले वान्टा जाम्पिजिन्पा यांनी ‘ङुरा-कुळु’ नावाने याची मांडणी केली आहे: मुलूख, कायदा, भाषा, विधी आणि नाती अशी पाच अंगं, एक काढलं की बाकीची लंगडी पडतात. लाजामानूची स्वतःची कथाही तेच सांगते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने वाळ्पिरी लोकांना ट्रकमध्ये घालून तिथे, गुरिंजी लोकांच्या जमिनीवर, नेऊन सोडलं. काही जण शेकडो किलोमीटर वाळवंट तुडवत चालत परत आले. तिथल्या मुलांना आपला मुलूख बघायला आजही लांबचा प्रवास करावा लागतो. त्या सहलींचा खर्च बऱ्याच अंशी ‘वेट’ (वाळ्पिरी एज्युकेशन अँड ट्रेनिंग ट्रस्ट) या न्यासातून होतो. टानामी वाळवंटातल्या सोन्याच्या खाणीची रॉयल्टी वाटून घेण्याऐवजी तिचा काही भाग शिक्षणाला लावायचा, ही कल्पना वाळ्पिरी शिक्षिकांचीच. २००५ पासून ती चालू आहे.

अशा सहलीला ‘विळिन्यी’ म्हणतात, म्हणजे दिवसभराची शिकारफेरी. एक सांगते. दोन ट्रूप्या (लांब टोयोटा, तुम्हीही आठवड्यात ट्रूपीच म्हणाल), अठरा मुलं, पाच आज्या, पहारी, पत्र्याचे डबे, पीठ आणि चहा. गाडी थांबली तशा थोरल्या आजी पुढे गेल्या आणि मोठ्याने हाक मारून मुलखाशी बोलू लागल्या: आम्ही आलोय, ही अमक्याची नातवंडं आहेत, ही नवी बाईसुद्धा आमचीच आहे, हिला त्रास देऊ नका. मला तेव्हा आमच्या कोकणातलं गाऱ्हाणं आठवलं; देवासमोर उभं राहून तोंडभर, मोठ्याने, नावं घेऊन घातलेलं. फरक इतकाच की समोर देऊळ नव्हतं. लाल माती आणि मुल्गाची झुडपं.

मग मधमुंग्यांचा शोध. मुल्गाच्या बुंध्याशी आजी बसल्या, तळव्याने वरची माती बाजूला सारली. मुंगी कुठे वळते ते बघ, म्हणाल्या. करंगळीएवढं भोक सापडलं. पहारीने खणायला सुरुवात. कमरेएवढा खड्डा झाला तरी काही नाही. एक सात वर्षांची पोरगी खड्ड्यात उतरली, बाजूच्या भिंतीला कान लावल्यासारखं करून म्हणाली, इकडे. बाजूला एक पोकळी निघाली आणि तिच्या छताला लटकलेल्या मुंग्या, पोटं द्राक्षाएवढी फुगलेली, मधाने सोनेरी. डोकं चिमटीत धरायचं आणि पोट ओठांत. तीच पोरगी माझ्या इंग्रजी तासाला महिनाभर तोंड उघडत नव्हती. माझ्या नोंदवहीत तिच्यापुढे ‘लक्ष टिकत नाही’ असा शेरा होता. अडीच तास ती त्या खड्ड्यापासून हलली नाही.

सोमवारी सकाळी वर्गात काय होतं, ते असं: मुलं चित्र काढतात, आजींचं रेकॉर्डिंग ऐकतात, सहशिक्षिका फळ्यावर शब्द लिहून घेते. शाळेच्या छापखान्यासारख्या एका खोलीत, तिला लिटरसी सेंटर म्हणतात, ते बोलणं उतरवलं जातं, टाइप होतं, आजींना वाचून दाखवलं जातं. आमच्या आजींनी एक शब्द चार वेळा बदलायला लावला, कारण उतरवणाऱ्या तरुणीने आजच्या मुलांचा मिसळलेला शब्द घातला होता. लाजामानूत तर वाळ्पिरी, क्रिओल (इंग्रजीतून घडलेली तिथली बोली) आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून मुलांची नवी भाषाच तयार झाली आहे. भाषाशास्त्रज्ञ तिला लाइट वाळ्पिरी म्हणतात. आज्यांना ती मोडकी वाटते, मुलांना ती घरची. हा वाद तुम्ही सोडवायला जाऊ नका. आठवड्याने बारा पानांचं पुस्तक तयार होतं, मुलांच्या फोटोंसह, आणि तेच वाचनाचं पुस्तक. इंग्रजीच्या तासाला त्याच मुंग्यांवर तुम्ही इंग्रजी वाक्यं करून घ्यायची. एवढंच, पण रोज.

फोटोंवरून आठवलं. माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. त्या नावाचं दुसरं कोणी असेल तर त्यालाही काही काळ ‘कुमान्जायी’ म्हणतात. वर्गातल्या मुलाचं नाव एका रात्रीत बदलू शकतं. हजेरी घेताना सहशिक्षिकेकडे बघा. पुस्तकातल्या त्या फोटोवर कागद चिकटवतात किंवा पुस्तकच कपाटात जातं. शोककाळात निम्मी वस्ती दुसऱ्या गावी असते, शाळा ओस पडते. ते दांडी मारणं नव्हे.

तुम्हाला तिथे ‘स्किन नेम’ही मिळेल. म्हणजे नात्याच्या गटाचं नाव. असे आठ गट, बायकांची नावं न-ने, पुरुषांची ज-ने सुरू होणारी. मला नाङाला केलं, आणि त्या दिवसापासून जाम्पिजिन्पा गटातला सहा वर्षांचा एक पोरगा मला मुलगी म्हणू लागला, कारण नात्याने तो माझ्या बापाच्या जागी. भाच्याहून धाकटा मामा आपल्याकडे असतो, तेव्हा तुम्हाला हे फार जड जाणार नाही. जावई-सासूच्या नात्यात मात्र समोर येणं, बोलणं वर्ज्य. एखादी शिक्षिका बैठकीला दाराबाहेर बसली तर तिला आत बोलावू नका. आत तिचा नात्यातला जावई असेल.

आणि ‘उजवीकडे सरका’ असं म्हणू नका. मी म्हटलं होतं, कवायतीला. कोणी हललं नाही. सहशिक्षिका म्हणाली, “काळारा,” आणि अख्खी रांग पश्चिमेला सरकली. तिथे चार वर्षांच्या मुलाला चारी दिशा डोळे मिटून माहीत असतात. मला अजून सूर्य बघावा लागतो.

सगळ्या शाळा अशाच असतात असं नाही. १७८८ मध्ये या खंडात अडीचशेच्या वर भाषा होत्या. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १२३ वापरात सापडल्या आणि मुलं पहिल्यापासून बोलायला शिकतात अशा फक्त १२. वाळ्पिरी त्या बारांत आहे. टेरिटरीच्या उत्तर किनाऱ्याकडच्या ईशान्य आर्नहेम लँडमधल्या यिर्काला वस्तीतल्या योल्ङु लोकांच्या भाषाही आहेत. तिथल्या शाळेने ‘दोन्ही वाटांचं शिक्षण’ कसं असतं ते सगळ्यांना दाखवलं. गोडं पाणी आणि खारं पाणी एका खाडीत मिळतं तिथे फेस येतो, त्याला ते ‘गान्मा’ म्हणतात. कोणतंही पाणी दुसऱ्याला गिळत नाही. डॉ. एम. युनुपिंगू (गेलेल्यांचं पहिलं नाव मी लिहीत नाही) १९९० मध्ये तिथले मुख्याध्यापक झाले, त्याच काळात योथू यिंडी बँडने गाजत होते. २०२० मध्ये तिथल्या आठ मुलांनी विद्यापीठात जाता येईल असे बारावीचे गुण मिळवले, त्या वस्तीतून पहिल्यांदाच. इंग्रजीत कच्ची राहतात का, याचं उत्तर तिसरीच्या परीक्षेपेक्षा तिथे शोधावं.

ॲलिस स्प्रिंग्जची यिपिरिन्या शाळा शहराच्या कडेच्या वस्त्यांतल्या लोकांनी स्वतः काढली आणि सरकारने नोंदणी नाकारली म्हणून १९८३ पर्यंत कोर्टात भांडून मान्यता मिळवली. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा काढली, पुढे तिलाही अनधिकृत ठरवणारी नोटीस आली होती. ती बातमी वाचून मी यिपिरिन्याच्या मैत्रिणींना सांगितली, त्या नुसत्या हसल्या. पूर्व किनाऱ्यावरच्या कॉफ्स हार्बरला २०२२ मध्ये सुरू झालेली गुम्बायङ्गिर भाषेची शाळा तिसऱ्याच प्रकारची. तिथे घरी कोणी ती भाषा सहज बोलत नव्हतं, आजी-आजोबांच्या रेकॉर्डिंगमधून ती परत उभी केली जातेय, मुलं शाळेत शिकून घरी आईबापांना शिकवतात. तिथली युक्ती वाळ्पिरी वस्तीवर चालणार नाही, आणि उलटही नाही.

आता सही करण्याआधी मुख्याध्यापकांना फोनवर तीन गोष्टी विचारा. वाळ्पिरी शिक्षिका किती आणि त्यांतल्या कायम किती. लिटरसी सेंटर रोज उघडतं का, आणि तिथे कोण बसतं. आराखडे करायला दोन्ही शिक्षिकांना एकत्र, पगारी वेळ मिळतो का. तिसऱ्याला ‘तुम्ही करा, त्या बघतील’ असं उत्तर आलं, तर दुसरी शाळा बघा. नीट उत्तर आलं तर जा. पहिलं सत्र नावं, नाती आणि दिशा शिकण्यात घालवा, आराखडा सहशिक्षिकेच्या तोंडून ऐकून मग लिहा, आणि ती ‘युवायी’ म्हणाली तर थोडं थांबा. आणखी काही म्हणते का बघा. पहार न्यायची गरज नाही, तिथल्या दुकानात मिळते. रुंद काठाची टोपी मात्र ॲडलेडहूनच घेऊन जा.